बाळाचा पहिला अहवाल निगेटिव्ह आला, तरी औषधे का चालू ठेवायची? आणि ११ वर्षांच्या भावाची तपासणी का करायची?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आपल्या धाकट्या बहिणीला एचआयव्हीची लागण असल्याचे बाळंतपणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी कळले आणि त्याच दिवशी तिची औषधे सुरू झाली. बाळ आता सात आठवड्यांचे आहे, आईचे दूध पिते, सहाव्या आठवड्यात केलेल्या पीसीआर तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आहे. तरीही डॉक्टरांनी बाळाची औषधे थांबवलेली नाहीत. बहिणीचा मोठा मुलगा ११ वर्षांचा आहे, चणीने लहान पण खेळकर आहे, आणि त्याची तपासणी करा असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरातील मंडळी म्हणतात की इतकी वर्षे काही झाले नाही, मग आता त्या पोराच्या मागे हे कशाला लावायचे. लहान मुलांच्या एचआयव्हीवर उपचार करण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकतो: बाळाची औषधे सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवा आणि भाच्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. दोन्ही सल्ल्यांमागचे कारण एकच आहे. या संसर्गात मूल वरून कसे दिसते यावरून आत काय चालले आहे हे कळत नाही.

प्रथम बाळाच्या अहवालाचा अर्थ. मोठ्या माणसांची नेहमीची एचआयव्ही तपासणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, शोधते. आईची प्रतिपिंडे गर्भातच वारेतून बाळाकडे येतात आणि कधीकधी दीड वर्षापर्यंत त्याच्या रक्तात राहतात. त्यामुळे आईला लागण असली की बाळाची ही तपासणी बहुधा पॉझिटिव्ह येतेच, मग बाळाला लागण असो वा नसो. म्हणून तान्ह्या बाळात प्रतिपिंडे न शोधता प्रत्यक्ष विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधावे लागते, आणि पीसीआर तेच करते. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब विशिष्ट कागदावर वाळवून पाठवले तरी ही तपासणी होऊ शकते.

बाळाला विषाणू तीन वाटांनी मिळू शकतो: गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि दुधातून. गर्भात लागण झालेल्या बाळाची पीसीआर जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांतच पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रसूतीच्या वेळी शिरलेला विषाणू मात्र सापडण्याइतका वाढायला एक-दोन आठवडे तरी लागतात. सहाव्या आठवड्याचा निगेटिव्ह अहवाल या पहिल्या दोन वाटांबद्दल बराचसा दिलासा देतो. बराचसाच म्हणतो, पूर्ण नाही. कारण प्रतिबंधक औषधे चालू असताना विषाणू असलाच तर त्याचे प्रमाण दबलेले असू शकते आणि तपासणीच्या नजरेतून तो निसटू शकतो. तिसरी वाट तर अजून उघडीच आहे, कारण बाळ आईचे दूध पीत आहे. म्हणूनच पुढची तपासणी नवव्या महिन्यात, आणि शेवटचा निर्णय बाळ १८ महिन्यांचे झाल्यावर किंवा स्तनपान थांबल्यानंतर तीन महिन्यांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा. तोपर्यंत या बाळाला लागण नाही असे कोणी ठामपणे म्हणू नये, आणि मधल्या काळात बाळाची वाढ खुंटली किंवा ते वारंवार आजारी पडू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करावी.

आता औषधे. कोणताही उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, आणि बाळ किती काळ आईचे दूध पिते यावर त्यातील बराच फरक अवलंबून असतो. १९९४ मध्ये एका अभ्यासात गरोदर स्त्रियांना आणि नंतर त्यांच्या बाळांना झिडोव्हुडिन हे एकच औषध दिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने तो काळ बदलून टाकणारा निष्कर्ष होता. आज आई गरोदरपणाच्या सुरुवातीपासून पूर्ण उपचार घेत असेल आणि तिच्या रक्तातील विषाणू मोजता येऊ नये इतका दबला असेल, तर लागण होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. पण त्यासाठी वेळ लागतो. आपल्या बहिणीला प्रसूतीपूर्वी चार आठवड्यांचाही उपचार मिळाला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हे बाळ अधिक जोखमीचे ठरते. अशा बाळाला झिडोव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही दोन औषधे पहिले सहा आठवडे देतात आणि नंतर आणखी सहा आठवडे दोन्ही किंवा एकटे नेव्हिरॅपिन चालू ठेवतात. एकूण १२ आठवडे. निगेटिव्ह अहवालानंतरही औषध चालू आहे त्याचे कारण हेच: आईच्या दुधातील विषाणू तिच्या औषधाने पुरेसा दबेपर्यंत बाळाभोवती हे कुंपण ठेवायचे असते.

स्तनपानाबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु घरात कुजबुज चालू असणार हे मला अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून लिहितो. आई औषधे नियमित घेत असेल तर पहिले सहा महिने केवळ तिचेच दूध, म्हणजे पाणी नाही, वरचे दूध नाही, साखरपाणी नाही. नंतर पूरक आहारासह स्तनपान किमान एक वर्ष आणि पुढे दोन वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. अर्धे आईचे आणि अर्धे वरचे हा मध्यममार्ग दिसायला शहाणपणाचा वाटतो, पण तोच पहिल्या सहा महिन्यांत अधिक घातक ठरतो. डर्बनमधील संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की असे मिश्र दूध घेणाऱ्या बाळांत लागण केवळ आईच्या दुधावर असणाऱ्या बाळांपेक्षा जास्त होते. वरच्या अन्नाने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जिथे स्वच्छ पाणी, पुरेसे पावडरचे दूध आणि ते सातत्याने मिळण्याची खात्री आहे, तिथे सुरुवातीपासून केवळ वरचे दूध देण्याचा पर्यायही असतो, पण आता स्तनपान नीट चालू असताना ते घाबरून तोडू नका. स्तनाग्राला चीर पडली, गळू झाले किंवा स्तन सुजला, तर त्या बाजूचे दूध बरे होईपर्यंत बाळाला देऊ नये आणि लगेच दाखवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, बहिणीची स्वतःची व्हायरल लोड तपासणी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची मोजणी, कधी आहे ते विचारा. बाळाचे संरक्षण कशावर सर्वाधिक अवलंबून असेल, तर ते आईच्या व्हायरल लोडवर. घरातील सगळ्यांचे लक्ष बाळाच्या औषधाच्या बाटलीवर असते आणि बाळंतिणीच्या गोळ्या चुकल्या याकडे कोणाचेच लक्ष नसते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

याच सुमारास बाळाला कोट्रायमॉक्सॅझोलही सुरू झाले असेल. ते एचआयव्हीवरचे औषध नाही; न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियापासून ते वाचवते. हा न्यूमोनिया लागण झालेल्या बाळांना विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गाठतो, कधीकधी घरच्यांना काहीही कळण्याआधीच, आणि अशा बाळाची सीडी४ संख्या, म्हणजे विषाणू ज्यांना इजा करतो त्या राखणदार पेशींची संख्या, मोठ्या माणसाच्या मापाने उत्तम असतानाही तो होऊ शकतो. म्हणून संशय असलेल्या प्रत्येक बाळाला, लागण नाही याची खात्री होईपर्यंत, हे औषध देण्याची पद्धत आहे. बाळाचा श्वास जलद झाला, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर ताप नसला तरी रात्रीच्या रात्री रुग्णालयात न्या आणि आईला एचआयव्ही आहे हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

पुढचा अहवाल पॉझिटिव्ह आलाच तर काय, हेही आधीच जाणून घेतलेले बरे. अशा वेळी दुसरा नमुना घेऊन खात्री करतात, पण त्याच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. या घाईला कारण आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात लागणीनंतर काही आठवड्यांत विषाणूचे प्रमाण बरेच खाली येऊन स्थिरावते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, त्यामुळे त्याच्या रक्तात ते कित्येक महिने प्रचंडच राहते. आफ्रिकेतील अनेक अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की उपचार न मिळालेल्या लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ३५ टक्के पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावली. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात १२ आठवड्यांपर्यंतची, दिसायला निरोगी आणि सीडी४ चांगली असलेली बाळे निवडली होती. काहींना लगेच औषधे दिली, काहींना आजाराची चिन्हे दिसेपर्यंत थांबवले. थांबवलेल्या गटात १६ टक्के बाळे गेली, लगेच उपचार मिळालेल्या गटात ४ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक लागण झालेल्या बाळाला ताबडतोब उपचार देण्याची शिफारस केली, आणि २०१५ पर्यंत ती सर्व वयांना लागू झाली. बाळ दिसते तर छान, मग कडू औषधांचा मारा कशाला, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला त्या १६ टक्क्यांची आठवण होते. तीही छानच दिसत होती.

कडू औषधांचे दिवस मात्र बरेचसे मागे पडले आहेत. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे सिरप इतके कडू होते आणि त्यात अल्कोहोलचे प्रमाण इतके होते की बाळाला ते पाजणे हे आईसाठी रोजचे दिव्य असे, शिवाय ते थंड जागी ठेवावे लागे. २०२० च्या अखेरीस डोल्युटेग्रॅव्हिरच्या १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या लहान मुलांच्या गोळीला मान्यता मिळाली. ती चार आठवडे पूर्ण झालेल्या आणि किमान ३ किलो वजनाच्या बाळापासून देता येते. मात्रा वजनानुसार वाढवायची असते: ३ ते ६ किलोच्या बाळाला अर्धी गोळी, ६ ते १० किलोला दीड, आणि पुढे त्याच क्रमाने. लहान मुलांच्या उपचारात मला सर्वाधिक आढळणारी चूक इथेच होते: मूल वाढते आणि मात्रा तीच राहते. अपुरे औषध म्हणजे विषाणूला त्या औषधाविरुद्ध तयार होण्याची संधी, म्हणून प्रत्येक भेटीत वजन झालेच पाहिजे, आणि ते झाले नाही तर पालकांनी निःसंकोच आठवण करून द्यावी. आणखी एक सावधगिरी: विरघळणारी गोळी आणि मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची गोळी यांची मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अदलाबदल करता येत नाही, म्हणून घरात असलेली आईची गोळी तोडून बाळाला देण्याचा विचारही करू नये.

आता आपल्या भाच्याकडे येतो. माझ्या मते या घरातील खरी तातडी त्याची आहे.

एवढी वर्षे काही झाले नाही म्हणजे लागण नाही, हा समज चुकीचा आहे. वर दिलेले आकडे हेही सांगतात की उपचाराविना काही मुले दोन वर्षांपलीकडे जगतात, आणि त्यांतील काहींमध्ये विषाणू इतक्या संथपणे पोखरतो की निदान दहाव्या, बाराव्या, कधी पंधराव्या वर्षी होते. अशी मुले आजारी म्हणून ओळखली जात नाहीत. ती वर्गात सर्वांत बुटकी असतात. त्यांचा कान अधूनमधून वाहतो. गालांच्या मागे लाळग्रंथी सुजलेल्या असतात. अंगावर बारीक पुरळ किंवा चामखिळीसारखे दाणे रेंगाळतात. एवढ्या लहान वयात नागीण होऊन गेलेली असते. खोकला महिनोन्‌महिने असतो. आणि वयात येण्याची चिन्हे उशिरा दिसतात. आपण ‘चणीने लहान’ हे शब्द सहज लिहिले आहेत, पण मी ते वाचून थांबलो. चणीने लहान असण्याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. तरीही आईला लागण आहे हे कळल्यानंतर तो तपशील बाजूला ठेवता येत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. बहिणीला लागण केव्हा झाली हे आपल्याला माहीत नाही. पहिल्या मुलाच्या स्तनपानाचा काळ संपल्यानंतर ती झाली असेल, तर आईकडून त्याला ती होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि अहवाल निगेटिव्ह येऊन हा विषय कायमचा मिटेल. या वयात साध्या प्रतिपिंड तपासणीने उत्तर मिळते आणि तीही त्याच दिवशी. पॉझिटिव्ह आलीच तर वेगवेगळ्या तपासणी-संचांवर (किटवर) ती पुन्हा करून खात्री करतात, क्षयरोगाची लक्षणे तपासतात, सीडी४ पाहतात आणि उपचार सुरू करतात. वजन ३० किलोच्या पुढे असेल तर बहुधा दिवसाला एकच गोळी पुरते; कमी असेल तर अबाकॅव्हिर आणि लॅमिव्हुडिनसोबत डोल्युटेग्रॅव्हिर देतात. वेळेवर उपचार मिळालेली मुले शिकतात, खेळतात, नोकरी करतात, संसार थाटतात. आणि मी पाहिलेल्या अनेक मुलांची उंची उपचारानंतरच्या दोन वर्षांत लक्षात येण्याइतकी वाढली. जगभरात २०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ७७ टक्के उपचार घेत होते, मुलांपैकी मात्र ५७ टक्केच. मागे राहिलेल्या मुलांपैकी कितीतरी जण आपल्या भाच्यासारख्याच घरांतील आहेत, जिथे आईचे निदान झाले, तान्ह्याची तपासणी झाली आणि मोठ्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

त्याला काय सांगायचे, या भीतीने तपासणी लांबते. ११ वर्षांच्या मुलाला फसवून रक्त काढायला नेऊ नका. बहिणीची तयारी असेल तर तिने स्वतः, समुपदेशकाच्या सोबतीने, त्याला सांगावे की तिच्या रक्तात एक विषाणू आहे, तो शरीराच्या राखणदार पेशींना इजा करतो, ती रोज गोळी घेते म्हणून तो झोपवून ठेवलेला आहे, आणि तो तुझ्याही रक्तात आहे का हे पाहायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच असा सल्ला दिला आहे की शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने हे सांगावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला राखणदार आणि झोपलेला शत्रू एवढे पुरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नाव सांगावे, कारण ते नाव तो शोधणारच. माझ्याकडे येणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलीला घरच्यांनी ‘रक्त वाढवायच्या गोळ्या’ असे सांगितले होते. तिने गोळीवरचे नाव मोबाइलवर शोधले, कोणालाही काही न बोलता चार महिने गोळ्या बंद ठेवल्या, आणि क्षयरोग होऊन ती परत आली. ती नंतर म्हणाली की आजाराचे दुःख झाले, पण सगळ्यांना माहीत होते आणि मलाच नव्हते, याचे जास्त झाले. मुले सत्य ऐकून रडतात, रागावतात, आईला दोष देतात. ते काही आठवडे सोसावे लागते. वेळेवर आणि मायेने सांगितलेल्या सत्याने कायमचे मोडलेले मूल मी पाहिलेले नाही. त्याच वेळी त्याला हेही शिकवावे की यात लपवण्यासारखे लाजिरवाणे काही नाही, पण कोणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढची अवघड चढण कुमारवयाची असते, म्हणून ती आताच डोळ्यांसमोर ठेवा. दहा वर्षे शहाण्यासारखी औषधे घेणारी मुले पंधराव्या वर्षी ती खिडकीतून फेकतात. मित्रांसोबत मुक्कामाला जाताना डबी कुठे लपवायची, कोणी आवडू लागले तर सांगायचे का, मला मूल होईल का, हे प्रश्न त्यांना छळतात आणि ते मोठ्यांना विचारवत नाहीत. रागावून उपयोग होत नाही. उपचार सुरू केल्यानंतर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व्हायरल लोड पाहतात, पुढे दर वर्षी. तो एका मिलिलिटर रक्तात हजार प्रतींच्या वर गेला तर मी पहिला प्रश्न ‘गोळ्या चुकवल्यास का?’ असा विचारत नाही, ‘गोळ्या घेणे कधी कठीण जाते?’ असा विचारतो. या मुलांना स्वतःसारखाच आजार असलेल्या, थोड्या मोठ्या मुलामुलींची सोबत मिळाली तर फार फरक पडतो. झिम्बाब्वेमध्ये ‘झ्वांदिरी’, म्हणजे ‘मी जसा आहे तसा’, या कार्यक्रमात अशा समवयस्क साथीदारांनी आधार दिलेल्या मुलांत उपचार निष्फळ ठरण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण ९६ आठवड्यांनंतर २५ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३६ टक्के, असे चाचणीत दिसले. कुमारवयीनांना हेही स्पष्ट सांगावे की विषाणू मोजता न येण्याइतका दबलेला राहिला तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. मी पाहिले आहे की हे एक वाक्य ऐकून मुले खुर्चीत ताठ बसतात आणि औषधाचा संबंध पहिल्यांदाच त्यांच्या भविष्याशी जुळतो.

आपण शेवटी विचारले आहे की दोन्ही भावांना एकत्र झोपवावे का. झोपवावे. मिठी, पापा, एकच ताट, एकच टॉवेल, खेळणी, आंघोळ, शाळा यांतून एचआयव्ही पसरत नाही. दात घासायचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा, कारण हिरड्यांतून रक्त येते. बाळाचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे चालू राहील, फक्त जिवंत विषाणू किंवा जंतू असलेल्या लसींपूर्वी डॉक्टरांना त्याची स्थिती सांगावी. औषध पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाने ओकून टाकले, तर तीच मात्रा पुन्हा द्यावी.

बहिणीच्या पुढच्या भेटीला दोन्ही मुलांना सोबत न्या, बाळाच्या औषधांच्या बाटल्या आणि आईच्या गोळ्यांची डबी बरोबर ठेवा, आणि निघण्यापूर्वी तीन तारखा लिहून घ्या: बाळाची १२ आठवड्यांची औषधे कधी संपतात, नवव्या महिन्याची तपासणी कोणत्या आठवड्यात आहे आणि बहिणीचा व्हायरल लोड कधी होणार. भाच्याची तपासणी त्याच दिवशी होऊ शकते. आदल्या संध्याकाळी त्याच्याशी कोण बोलणार, एवढे फक्त आज ठरवा.